फेनो : दम्याची श्वासचाचणी

हवेच्या प्रदूषणाचा लालबागच्या रहिवाशांच्या श्वसनावर होणारा परिणाम परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासला. स्पायरोमेट्रीने फुप्फुसांची क्षमता कळते. ‘फेनो’ चाचणी श्वसनमार्गातील सूज दर्शविते. सुजलेल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड वायू अधिक सुटतो. दम्यात तो वाढतो, हे १९९३मध्ये दिसून आले. रुग्णाने यंत्रात सुमारे १० सेकंद संथ, एकसारखा श्वास सोडावयाचा असतो. प्रौढांमध्ये प्रमाण ५० पीपीबीहून (अब्जांश) अधिक असल्यास इनहेलरमधील स्टिरॉइडचा गुण येण्याची शक्यता जास्त. २५हून कमी असल्यास ती कमी. धूम्रपानाने व स्टिरॉइडने आकडा उतरतो. त्यामुळे तो कमी आला म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना इनहेलर बंद करणे धोक्याचे ठरते.