तारीख पडण्याआधीची वर्षं

मी रायपूरहून बोलतोय. खटला लांबतो म्हटलं की आपल्याला आठवतात त्या तारखा, गैरहजर साक्षीदार, बदली झालेले न्यायाधीश. आज त्याच्या अलीकडचा काळ बघू: अटक झाली, दोषारोपपत्र दाखल झालं, पण आरोपनिश्चिती नाही, म्हणजे खटला सुरूच नाही.

गडचिरोलीच्या पलीकडे बस्तर. तिथल्या सुकमा जिल्ह्यात बुरकापालजवळ 24 एप्रिल 2017 रोजी माओवाद्यांनी हल्ला केला. रस्त्याच्या कामाला संरक्षण देणारे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 25 जवान मारले गेले. मग आसपासच्या गावांतून आदिवासींची धरपकड झाली. खून, यूएपीए, सगळी कलमं लागली. आरोपी 121. त्यांतले बहुतेक जगदलपूरच्या तुरुंगात आणि विशेष न्यायालय दंतेवाड्यात. खटला प्रत्यक्ष सुरू व्हायला ऑगस्ट 2021 उजाडला. त्यानंतर निकाल वर्षभराच्या आत लागला. 15 जुलै 2022 ला सगळे निर्दोष. ते घटनास्थळी होते, हेच सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. एका आरोपीने तोवर कोठडीतच प्राण सोडला होता.

म्हणजे साक्षीपुराव्याला वर्षही लागलं नाही, चार वर्षं गेली ती त्याच्या आधी! का? एक कारण अगदी साधं आहे. आरोप वाचून दाखवायचे तर आरोपी कोर्टापुढे हवेत. शंभरावर माणसं बस्तरच्या रस्त्यांवरून एकदम न्यायची तर गाड्या हव्यात, बंदोबस्त हवा. तेवढं पोलीसबळ नाही म्हटलं की तारीख पुढे. शिवाय यूएपीएमध्ये जामीन अवघड. खालच्या कोर्टाने नाकारला, बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही नाकारला.

हा प्रश्न जुना आहे. 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसेनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खटला लवकर चालणं हा कलम 21 मधला हक्क आहे. पुढचा टप्पा आपल्या महाराष्ट्रातला. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात डिसेंबर 1991 मध्ये हा हक्क घटनापीठाने पुन्हा मान्य केला, पण किती वर्षांत खटला संपवायचा याची मुदत ठरवायला नकार दिला. नंतर काही निकालांनी मुदती घातल्याही. 2002 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्या पुसून टाकल्या. हक्क आहे, घड्याळ नाही, अशी ही गंमत. (गंमत म्हणणं जिवावर येतं.)

संसदेने एक घड्याळ लावलं. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 436अ आलं, 2006 पासून लागू झालं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, तर जामीन. फक्त ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते तो वगळून. बुरकापालच्या आरोपींवर खुनाचं कलम होतं, त्यामुळे ते घड्याळ त्यांच्यासाठी बंदच.

इथे रायपुरात सरकारने समित्याही नेमल्या. 2012 मध्ये सुकम्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचं अपहरण झाल्यावर निर्मला बुच यांची, 2019 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती ए. के. पटनायक यांची. काम एकच, आदिवासींवरचे खटले तपासून पाहणं. मला वाटतं, अशा समित्यांचा हात जातो तो हलक्या प्रकरणांपर्यंत, आबकारीसारख्या. दुसरी समिती नेमली गेली त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ बुरकापालचे लोक आतच होते.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 479 मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळानंतर सुटका आहे. वगळलेल्यांत मात्र फाशीच्या जोडीला आता जन्मठेपेचे गुन्हेही आलेत.