लाखेची तबकडी ते लाँग प्ले : घरातल्या श्रवणाचा इतिहास

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा व्यापार नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात पद्धतशीरपणे सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, आणि मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवून त्यांच्यावरून छापलेल्या तबकड्या आगबोटीने परत आणल्या जात. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही पायपीट संपली आणि तबकडी सधन मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पोहोचू लागली.

ही तबकडी लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून घडवलेली असे. ती मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर रंगणारा ख्याल एवढ्या अवधीत बसवताना गायकांना विलंबित विस्तार आवरता घेऊन रागाचे स्वरूप, बंदिशीचा मुखडा आणि मोजक्या ताना यांवरच भर द्यावा लागला. तरीही अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या मुद्रिका ऐकताना राग अपुरा वाटत नाही, हे त्यांच्या विचारपूर्वक केलेल्या मांडणीचे यश होय.

महाराष्ट्रात या माध्यमाने श्रोत्यांचे वर्तुळच बदलले. ज्या स्त्रियांना मैफलीला जाण्याची मुभा नव्हती, त्या घरी बसून बड्या गवयांना ऐकू लागल्या. नाटक मंडळ्यांचा मुक्काम ज्या गावी कधी पडला नाही, तेथेही बालगंधर्वांची पदे चावीच्या यंत्रावर वाजू लागली. आणि आटोपशीर बांधणीच्या मराठी भावगीताला तबकडीची कालमर्यादा अडचणीची नव्हे, तर सोयीचीच ठरली.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हायनिल या प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. तिची खाच अधिक बारीक असल्यामुळे एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची लाँग प्ले अमेरिकेत निघाली, आणि आलापापासून पुढे क्रमाने उलगडणारा राग तबकडीवर ऐकणे शक्य झाले.

ऐंशीच्या दशकात कॅसेटने घराघरांत जागा मिळवल्यावर हजारो तबकड्या भंगारात गेल्या. ज्या वाचल्या, त्यांतील बऱ्याचशा मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी त्या हुडकणाऱ्या हौशी संग्राहकांमुळेच वाचल्या. वेष्टनात उभ्या ठेवलेल्या या तबकड्यांच्या मध्यभागी, कागदी चकतीलगत कोरलेल्या मुद्रणक्रमांकांच्या आधारे संग्राहकांनी मुद्रणांचा काळ आणि अनुक्रम ठरवला, तर १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने या विखुरलेल्या खटपटीला अभ्यासाचे रूप दिले.

या कामाचे मोल एका तुलनेतून स्पष्ट होते. १९२२ मध्ये निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांच्या गायकीचे वर्णन तेवढे उरले आहे, कारण तिचे मुद्रण उपलब्ध नाही. १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँ यांचा स्वर मात्र आजही प्रत्यक्ष ऐकता येतो. म्हणून माळ्यावर पडून असलेल्या जुन्या तबकड्या रद्दीत घालण्यापूर्वी जाणकार संग्राहकाला किंवा संगीताच्या एखाद्या संग्रहालयाला दाखवणे, हे प्रत्येक मराठी कुटुंबाचे सांस्कृतिक कर्तव्य आहे.