गोदीवाले आजोबा

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आमच्या धर्मग्रामात ‘गोदीवाले आजोबा’ म्हणजे कोण, हे सांगावे लागत नसे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा भीषण स्फोट झाला. रात्रपाळी असल्याने ते वाचले. त्या काळी टोळीवाल्याची मर्जी फिरली की मजुरी बुडे. प्लॅसिड डिमेलो यांच्यासारख्यांचा लढा आणि १९४८ चा गोदी कामगार कायदा यांमुळे पुढे नोंदणी व किमान वेतनाची हमी आली. ठरावीक पाळी लाभली तेव्हा कुठे संध्याकाळची कबड्डी लाभली, हे ते आवर्जून सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी चर्चच्या आवारात मैदान आखले. नव्वदीनंतर खुर्चीत बसूनही चढाईच्या वेळी त्यांचा श्वास रोखलेला असे. शवपेटीला खांदा दिला, तो त्याच मैदानावरच्या गड्यांनी.