नंबर दिसला का?

कुंभवलीच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्या आज तुमच्याशी बोलतोय. आम्ही गटाच्या टेम्पोला कॅमेरा बसवला, त्याची ही गोष्ट. पण ती नीट सांगायची तर शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं, कारण गोष्टीत कॅमेरा शेवटी येतो. आधी येतो तो गाडीचा नंबर.

तीन पावसाळ्यांपूर्वीची संध्याकाळ होती. आमच्या गटातल्या एक मावशी कंपनीच्या कॅन्टीनमधलं काम आटोपून रस्त्याच्या कडेने घरी येत होत्या. मागून टँकर आला, धक्का देऊन तसाच निघून गेला. मांडीचं हाड मोडलं. लोक धावत आले आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "नंबर दिसला का?" मावशी म्हणाल्या, "दिसला गं. पण मला वाचता कुठे येतो?"

मावशींना मराठी आकडे येतात. गटाच्या वहीतला स्वतःचा हप्ता त्या बोट ठेवून दाखवतात. टँकरच्या पाटीवर मात्र इंग्रजी अक्षरं होती. त्यांनी नंबर पाहिला, आणि तरी तो कुणालाच मिळाला नाही. तेव्हापासून आम्ही हा नंबर कुठून आला ते शोधायला लागलो.

आमच्या सासवा सांगतात, पूर्वी या भागात गाडी कुणाची हे बैलांवरून कळायचं. नंबराची गरज अनोळखी माणसांत लागते. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसी आली, आणि बोईसरच्या रस्त्यावर रोज नव्या गाड्या दिसायला लागल्या. चालकाला आपण ओळखत नाही, तो आपल्याला ओळखत नाही. मग दोघांमध्ये धागा उरतो तो पाटीवरच्या नंबराचा.

जगात हा धागा पहिल्यांदा बांधला पॅरिसच्या पोलिसांनी. १४ ऑगस्ट १८९३ च्या त्यांच्या हुकुमानुसार मोटारीवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक लिहिलेली धातूची पाटी लावायची होती. इंग्लंडात १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचा झाला. आपल्याकडे सगळ्या देशासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि सध्याचा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या जुन्या गाड्यांवर तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. मग 'एमएच' आलं. आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांवर ठाण्याचं एमएच-०४ दिसतं, नंतरच्यांवर वसईचं एमएच-४८. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. महामार्गाला उभं राहिलात तर वलसाडचं जीजे-१५ आणि सिल्वासाचं डीएन-०९ सुद्धा भरपूर दिसेल. गाडी कुठल्याही राज्यात ओळखता यावी म्हणून नियमाने अक्षरं आणि आकडे इंग्रजीच ठेवले. मावशींचा विचार त्यात कुणी केला नव्हता.

आता नंबर मिळाला किंवा नाही मिळाला, तर पैशांत काय फरक पडतो ते ऐका. हा भाग लिहून ठेवण्यासारखा आहे.

ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तर पूर्वी काहीच मिळत नसे. १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मृत्यूला ५,००० रुपये, गंभीर दुखापतीला १,००० रुपये ठरले. १९८८ च्या कायद्यात ते ८,५०० आणि २,००० झाले. १९९४ मध्ये २५,००० आणि १२,५००. त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षं आकडा हलला नाही. १ एप्रिल २०२२ पासून तो मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार आहे. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. १२ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं, की गाडीचा पत्ता महिनाभरात लागला नाही तर या योजनेची माहिती जखमीला किंवा घरच्यांना द्या.

पण गाडी सापडली, तर गोष्ट वेगळी होते. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता येतं. तिथे वय, कमाई, दवाखान्याचा खर्च, आलेलं अपंगत्व, सगळं मोजलं जातं. आणि बायांनो, तिथे घरकामसुद्धा मोजलं जातं. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं, की पगार नसलेल्या गृहिणीच्या कामालाही पैशांत मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरायलाच हवं. आपण चूल, पाणी, पोरं, म्हातारी माणसं सांभाळतो ते कायद्याच्या हिशोबात येतं. मात्र त्यासाठी गाडी सापडावी लागते, म्हणजे नंबर लागतो. आमच्या मावशींच्या हातात शेवटी ठरलेले ५० हजार पडले. बुडलेली मजुरी आणि औषधपाणी त्याहून जास्त होतं.

म्हणून आमच्या टेम्पोला कॅमेरा घ्यायचं बैठकीत ठरलं. टेम्पो आमची एक ताई चालवते, माल घेऊन बोईसर-चिल्हार रस्त्याने रोजची ये-जा असते. काचेमागे बसवायच्या या कॅमेऱ्याला डॅशकॅम म्हणतात. रशियात तो आधीच घरोघरी होता, कारण मुद्दाम गाडीपुढे पडून पैसे उकळणारे तिथे फार झाले होते. १५ फेब्रुवारी २०१३ ला चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, ती जगाने अशाच गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांतून पाहिली. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमात वाहतूक तपासणीच्या साधनांत डॅशकॅमचं नाव आलं. आणि वाटेवरच्या कॅमेऱ्याची किंमत आपल्या जिल्ह्याने ४ सप्टेंबर २०२२ ला पाहिली. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा तपासणी नाक्याच्या कॅमेऱ्यातली वेळ आणि अपघाताची वेळ जुळवून पोलिसांनी वेगाचा अंदाज बांधला होता.

दुकानात गेलो तर प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फोर के'. आम्ही विचारलं, "दादा, नंबर वाचता येईल का?" तो म्हणाला, "ताई, पिक्चर एकदम क्लिअर." आम्ही विचारलं काय आणि त्याने सांगितलं काय! मग गटातल्या एकीच्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आम्ही हिशोबच मांडला.

नियमाप्रमाणे मोठ्या गाडीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं, म्हणजे साधारण चार बोटं. फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र आडवं १,९२० ठिपक्यांचं, फोर केचं ३,८४० ठिपक्यांचं. कॅमेरा १४० अंशांचा रस्ता पाहत असेल, तर दहा मीटरवरच्या अक्षराच्या उंचीला फुल एचडीत जेमतेम पाच ठिपके येतात, फोर केत दहा. पाच ठिपक्यांत आठ आणि तीन सारखेच दिसतात. दहा-बारा असले तर वाचता येतं. तेव्हा फोर के घ्या, पण तो खरा हवा. काही कॅमेरे लहान चित्र ताणून मोठं करतात. भिंगाचा कोनही फार रुंद नको. १७० अंश ऐकायला भारी वाटतं, पण तेवढेच ठिपके जास्त रस्त्यावर पसरतात आणि नंबर बारीक होतो.

रात्रीची गंमत निराळी. पाटी चमकणारी असते, आपल्या दिव्याने ती पांढरीफटक होते. त्यासाठी एचडीआर ही सोय लागते, ती उजेड-अंधार सांभाळते. अंधारात कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात ताशी ६० च्या वेगाची गाडी अर्ध्या मीटरहून जास्त सरकते. ती आडवी गेली तर कितीही महागड्या कॅमेऱ्यात नंबर फराटाच होणार. म्हणून आम्ही दुकानदाराकडून रात्रीचं चित्रण मागून घेतलं, आणि त्यातली पाटी थांबवून वाचून पाहिली. दिवसाचं पाहूच नका, ते सगळ्यांचं छान असतं.

आणखी चार गोष्टी. उन्हात बंद टेम्पो भट्टीसारखा तापतो, तेव्हा आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. मेमरी कार्ड सतत लिहिलं जाईल असं टिकाऊ हवं. तारीख-वेळ बरोबर लावावी, आणि काच जिथे वायपर पुसतो तिथेच कॅमेरा बसवावा. आपल्या पावसात याला पर्याय नाही.

चित्रण मिळालं तर ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्यात चित्र बारीक होतं आणि पुराव्याचा कसही जातो. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा जालन्याच्या निवडणुकीचा खटला निकालात काढला. वाद होता अर्ज भरण्याच्या वेळेच्या चित्रणाचा. न्यायालय म्हणालं, नक्कल द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. मूळ साधनच मालकाने हजर केलं तर नाही. आता १ जुलै २०२४ पासून हाच नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून कार्ड काढून पाकिटात ठेवा, वर तारीख लिहा, पोलिसांना देताना पोच घ्या.

कॅमेरा बसला. पण तो फक्त आमच्या टेम्पोपुढचं पाहतो. मावशी चालत होत्या, आणि आमच्यातल्या बहुतेकजणी आजही चालतच जातात. म्हणून त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला. दर शनिवारी हप्ते गोळा झाले की अर्धा तास इंग्रजी अक्षरं आणि आकडे. पुस्तक नाही, फळ्यावर नंबरच्या पाट्या काढतो. कुणी ४१४१ चा 'दादा' करून रंगवलेली जुनी पाटी आणते, मग ती ओळखायची शर्यत लागते. ताईलाही सवय लावली आहे: काही घडलं की नंबर मोठ्याने म्हणायचा. कॅमेऱ्याला कान असतो. चित्र पुसट आलं तरी आवाज राहतो.

मावशी आता काठी घेऊन येतात आणि पुढच्या ओळीत बसतात. मागच्या शनिवारी त्यांनी फळ्यावरचा अख्खा नंबर न अडखळता वाचला. आमच्याच टेम्पोचा होता. त्या म्हणाल्या, "पुढचा काढ."

तुमच्या गटातही एक फळा काढा, मैत्रिणींनो.