जुन्या कॅराव्हॅनला बांबूचा साज

चंद्रपूर - मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, अर्थात कॅराव्हॅन. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. तथापि नवी कॅराव्हॅन घेणे मध्यमवर्गीयांना परवडणारे नाही. जुनी घेऊन तिचे अंतरंग सजविणे हा त्यावरचा मार्ग. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात हे काम अल्प खर्चात होऊ शकते. मात्र क्रम चुकला, की पैसा पाण्यात जातो.

आधी गळती, मग रंग
चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तर गडचिरोलीत मुसळधार पाऊस पडतो. त्यामुळे पहिला खर्च छतावर करावा. बाहेरून पाण्याचा फवारा मारून आतून गळती शोधावी व सांधे बुजवावेत. जमिनीचे प्लायवुड पायाखाली दबत असेल तर बदलावे. छताला बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा. पडदे आणि गाद्या सर्वांत शेवटी.

वजनाचे भान
ओढून न्यायच्या वाहनात प्रत्येक किलो मोजावा लागतो. जाड प्लायवुडची कपाटे टाळून भिंतींना बांबूचे तट्टे आणि कप्प्यांना बांबूच्या पट्ट्या वापराव्यात. जड सामान खाली, आसाजवळ ठेवावे. सारे वजन मागील टोकाला गेल्यास वेगात कॅराव्हॅन हेलकावे खाते. बांबू जळाऊ असल्याने शेगडीभोवती धातूचा पत्रा लावावा व अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे.

घुणापासून संरक्षण
या जंगलात मुख्यत्वे मानवेल जातीचा बांबू आढळतो. त्यातील पिष्टमय पदार्थ घुणाला आकर्षित करतात. म्हणून पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेला परिपक्व बांबू निवडावा आणि बोरॅक्स व बोरिक अॅसिडच्या द्रावणात भिजवून सावलीत वाळवावा. प्रक्रिया न केलेला बांबू स्वस्त पडतो, पण लवकरच त्याचा भुगा होतो.

खरेदी कोठून?
चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही मिळाला. त्यामुळे बांबूच्या विक्रीचा पैसा थेट गावाच्या हाती येऊ लागला. जंगलातील कच्चा बांबू घेताना पावती व वाहतूक परवाना मागून घ्यावा. परवान्याविना माल जप्त होऊ शकतो. तट्टे विणून घेण्यासाठी स्थानिक बुरूड कारागिरांना काम द्यावे.

नोंदणी विसरू नका
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. गाद्या, पडदे ही सजावट झाली. सांगाडा वा आसनक्षमता बदलायची असल्यास आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.