रत्नागिरीच्या जुन्या वस्तीत घर घेताय? आधी वारस मोजा

रत्नागिरी शहरात घर बघणाऱ्या आपल्या लोकांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे मारुती मंदिराच्या पुढे कुवारबावच्या दिशेला नव्या इमारतीत फ्लॅट. दुसरी म्हणजे जुनी वस्ती: राम आळी, गोखले नाका, धनजी नाका हा बाजारपेठेचा भाग, किंवा तिथून खाली समुद्राकडे मिरकरवाडा आणि खाडीकडे राजिवडा. आखातात दहा-पंधरा वर्षं काढून परतणारा माणूस बहुधा दुसरी वाट धरतो. मशीद पायी, बाजार पायी, मासळी दारात, आणि मय्यत असो की लग्न, माणसं हाकेवर. हे फ्लॅटमध्ये मिळत नाही, हे आम्हीही मान्य करतो.

पण जुन्या वस्तीतलं घर पावसाळ्यात बघा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती किती ओल धरतात, परसातलं पाणी कुठे तुंबतं, गटार कुणाच्या दारातून जातं, हे मे महिन्यात कळत नाही. स्लॅबचं घर असेल तर छताच्या खालच्या बाजूला तडे आणि तांबूस डाग आहेत का ते पाहा. खाऱ्या हवेने आतल्या सळ्या गंजतात आणि सिमेंट फुगून सुटतं. नुसता रंग मारून दाखवलेलं घर असेल तर जास्तच बघा. विहीर कुणाच्या हिश्श्याची, एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी किती येतं, रात्री गाडी कुठे लावतात, हे एजंटला नको, शेजारच्या घरातल्या बायकांना विचारा.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड आलंच. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. खाडीकाठी अंतर वेगळं असतं. आधीच वसलेल्या शहरी भागात साधारणपणे जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवीन बांधायला मिळतं. म्हणजे 'घर पाडून तीन मजले चढवू' हा हिशेब डोक्यात ठेवून पैसे देत असाल तर आधी नगर परिषदेत विचारा, मग बयाणा द्या. मिऱ्याच्या किनाऱ्याची धूप शहरातल्या सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्यावर वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. जुन्या वस्तीतल्या व्यवहारात घर क्वचितच फसवतं, फसवतो तो कागद. आणि आपल्या घरांत कागदाचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: आजोबांच्या नावाचं घर, वाटणी झालेली नाही, आणि विकायला आलेत दोन भाऊ.

आपल्या कायद्यात माणूस वारला की त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. एकत्र कुटुंबाचा 'कर्ता' सगळ्यांच्या वतीने विकतो, ही पद्धत मुस्लिम वारसा कायद्यात नाही. थोरला भाऊ कितीही मोठा असला तरी तो स्वतःचाच हिस्सा विकू शकतो. समजा वडील वारले. मागे अम्मी, दोन मुलगे, एक मुलगी. घराचे ४० भाग केले तर अम्मीचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. दोघा भावांनी खरेदीखतावर सही केली तर तुम्हाला ४० पैकी २८ भाग मिळाले. पैसे मात्र तुम्ही ४० चे मोजले. उरलेल्या १२ भागांसाठी अम्मी किंवा बहीण वाटपाचा दावा करू शकते, आणि तेव्हा चूक तिची नसते. तिचा हक्क तिला कुणी विचारलाच नव्हता. 'बहिणीने माफ केलंय' हे वाक्य आम्ही फार ऐकलंय. माफ केलं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा. तेही वडिलांच्या मृत्यूनंतरचं पाहिजे. वडील हयात असताना लिहून घेतलेल्या कागदावर विसंबू नका.

वारसांत अज्ञान मूल असेल तर आणखी जपून. मुलाची आई त्याच्या वतीने सही करते आणि सगळ्यांना ते बरोबर वाटतं. पण आपल्याकडे लागू असलेल्या कायद्यात मिळकतीपुरती आई ही आपोआप पालक ठरत नाही. बाप, नाहीतर आजोबा, किंवा त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस. यांपैकी कुणी नसेल तर कोर्टाची परवानगी लागते. ती नसताना यतीम मुलाचा हिस्सा घेतला तर तो व्यवहार टिकत नाही, आणि टिकूही नये.

तोंडी हिबाचंही तसंच. देणं, स्वीकारणं आणि ताबा, या तिन्ही गोष्टी झाल्या तर तोंडी हिबा आपल्यात चालतो. पण ताबा खरोखर दिला होता का, हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येईल. मिळकत पत्रिकेवर नोंद नसेल तर आधी ती करून आणायला सांगा. नगर परिषदेचा घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर ज्याचं नाव त्याचं घर, असं होत नाही.

इथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली आहे. व्याज टाळायचं म्हणून आपल्यातले पुष्कळ जण बँकेचं कर्ज घेत नाहीत. मामू-चाचांकडून, मित्रांकडून उसने घेऊन रोखीने घर घेतात. नियत चांगलीच आहे. पण कर्ज देताना बँकेचा वकील कागद तपासतो, ती तपासणी मग होतच नाही. म्हणून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. उसने घेतलेले पैसेही लिहून ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायचा हुकूम सूरह बकरातच आहे.

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांना लागून असलेली जागा वक्फची नाही ना, हे वक्फ मंडळाच्या नोंदीत पाहा. खाली जुना दुकानदार भाडेकरू किंवा पागडीवाला असेल तर घर घेतलं तरी तो जात नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला राहतं.

दुबई, कुवेत, सौदीत असलेल्यांसाठी थोडं. तिथे केलेलं मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरा. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर ठेवता येते. उलट विकणारा भाऊ परदेशात असेल तर त्याच्या पैशातून टीडीएस कापायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, आणि त्याला ५० लाखांची मर्यादा लागू नाही. घर बायकोच्या किंवा मुलीच्या एकटीच्या नावे घेतलं तर राहत्या घरावर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते.

बयाणा देताना करारात एक ओळ घालून घ्या: सगळे वारस, बहिणींसह, दुय्यम निबंधकासमोर हजर राहतील. विकणारे या ओळीला नाही म्हणाले, तर दुसरं घर बघा.