धरणे आणि सोडणे : जुन्या मोटारसायकलींचा क्लच

'क्लच' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द रुजला नाही. परंतु त्याच्या भोवतीची क्रियापदे मराठीने स्वतःचीच ठेवली. क्लच 'धरतो' आणि क्लच 'सोडतो'. साहजिकच बिघाडही दोनच : क्लच 'धरत नाही', किंवा 'सोडत नाही'. इंग्रजी माहितीपुस्तिकांत यांना 'स्लिप' आणि 'ड्रॅग' म्हटलेले असते. पण कारागिराच्या तोंडचे क्रियापद अधिक नेमके आहे, कारण ते दोष सांगतानाच त्या भागाचे कामही सांगते. या दोन क्रियापदांत एक संपूर्ण निदानशास्त्र दडले आहे, आणि ते उलगडायचे तर यंत्राचा इतिहास ठाऊक असावा लागतो, असे आम्हाला वाटते.

मोटारसायकलींचा इतिहास सहसा मद्रास, म्हैसूर, आकुर्डी अशा कारखान्यांच्या गावांवरून लिहिला जातो. तो भंडारा-तुमसर रस्त्यावरील मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावावरून पाहिला, तर निराळा दिसतो. या तालुक्यातील वरठी येथे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, आणि त्याचे मिश्रपोलाद वाहन-उद्योगात वापरले जाते. म्हणजे वाहनांच्या सुट्या भागांचा कच्चा माल जेथे तयार होतो, त्याच धानाच्या मुलखात जुन्या गाड्यांची दुरुस्तीही होत असते. मागे धानाचे पोते, चाकाखाली पावसाळी चिखल आणि अर्धा दाबलेला क्लच, अशी ही वाहतूक. क्लचची झीज वेगाने होत नाही. ती अशा अर्धवट धरण्याने होते.

जुन्या गाड्यांची तीन घराणी येथे लक्षात घ्यावी लागतात. ब्रिटिश घराण्याची बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळवली जाऊ लागली. चेक घराण्याची जावा मुंबईच्या इराणी कुटुंबाने आधी आयात केली आणि १९६१ पासून म्हैसूरला बनवली. पुढे तिचीच येझदी झाली आणि तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिसरी राजदूत, पोलंडच्या 'एसएचएल' गाडीवरून एस्कॉर्ट्सने घडवलेली. ग्रामीण भागात दूधवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत अनेकांची ती गाडी होती.

क्लचचे मूळ तत्त्व तिन्हींत एकच. घर्षणाच्या आणि पोलादाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. पहिल्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या गिअरपेटीशी जोडलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. मुठीजवळचा दांडा ओढला की दाब उठतो आणि चकत्या मोकळ्या होतात. जुन्या घर्षण-चकत्यांत बुचाचे तुकडे बसवलेले असत. बूच म्हणजे एका ओक वृक्षाची साल, आणि तिचा सर्वांत मोठा उत्पादक पोर्तुगाल. बूच तेलातही चांगले धरते, पण घसरून तापले की जळते, आणि गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली तर सुकते. म्हणूनच नव्या बुचाच्या चकत्या बसवण्यापूर्वी तेलात भिजवून ठेवण्याची रीत आहे.

आता पहिला दोष. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. कधी जळका वास येतो. क्लच धरत नाही. लगेच चकत्या बदलाव्यात, असा मोह होतो. परंतु आधी केबल पाहावी. दांड्याला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक नसेल, तर क्लच कायमच थोडा दाबलेला राहतो. त्यानंतर तेल. आधुनिक मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात, आणि क्लचला तर घर्षणच हवे असते. म्हणून तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' ही खूण शोधावी. हे दोन्ही ठीक असेल तरच दुबळ्या स्प्रिंगा आणि झिजलेल्या चकत्या यांच्याकडे वळावे.

दुसरा दोष याच्या उलट. दांडा पूर्ण ओढला तरी गाडी पुढे सरकते, गिअर करकरतो, न्यूट्रल सापडत नाही. क्लच सोडत नाही. येथे केबलची मोकळीक फाजील असते, किंवा केबल आतून तुटत आलेली असते. बराच काळ उभ्या गाडीत चकत्या एकमेकींना चिकटतात. म्हणून बुलेट सुरू करण्यापूर्वी क्लच ओढून एक-दोनदा किक मारण्याची जुनी सवय आहे. झाकण उघडल्यावर दाबचकती सरळ न उठता तिरपी उठत असेल, तर स्प्रिंगांचा ताण असमान आहे. पोलादी चकती सपाट काचेवर ठेवली की तिचा वाक डोळ्यांना दिसतो. आणि ड्रमच्या खाचांत चकत्यांनी खड्डे पाडले असतील, तर चकत्या तेथेच अडकतात.

घराण्याचा इतिहास येथे उपयोगी पडतो. बुलेटमध्ये क्लच उचलणारी सळई गिअरपेटीच्या पोकळ दंडातून आरपार जाते. ती झिजली तर केबल कितीही घट्ट केली तरी उपयोग नाही. जावामध्ये किक आणि गिअर यांचा दांडा एकच, आणि गिअर बदलताना क्लच आपोआप सुटावा अशी आतली योजना. तिचे समायोजन बिघडले, तर केबल निर्दोष असूनही क्लच अर्धा उचललेला राहतो. जो कारागीर जावाला बुलेट समजून तपासतो, तो निर्दोष केबल बदलत बसतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. त्या कामामागची शिस्त हीच होती : आधी प्रतींची घराणी ओळखायची, मग पाठ तपासायचा, आणि पुराव्यावाचून दुरुस्ती करायची नाही. जुन्या गाडीतही प्रक्षेप असतात. दुसऱ्याच गाडीची स्प्रिंग, कापून बसवलेली केबल, मधेच घातलेला वायसर. त्यातला प्रत्येक भाग कोणाच्या तरी अडचणीतून आलेला असतो आणि काही तर मुळाहून बरे चालतात. म्हणून ते सरसकट फेकून देण्यापेक्षा आधी वाचावेत, हे उत्तम.

यात पणाला काय लागले आहे, हे आता सांगता येईल. सुटे भाग आजही मिळतात, माहितीपुस्तिकाही मिळतात. परंतु 'हे आधी पाहा, ते नंतर' हा क्रम ऐकण्यातून आणि हाताखाली काम करण्यातून पुढे जातो. तो मराठी क्रियापदांत साठलेला आहे, आणि तो लिहून ठेवण्याची आपल्याकडे फारशी सवय नाही. तालुक्याच्या गावातला एखादा जुना कारागीर काम थांबवतो, तेव्हा गाड्यांबरोबर हा क्रमही उभा राहतो. आपण बोलींचे शब्द गोळा करतो, ओव्या लिहून घेतो; त्याच वहीत क्लच 'धरत नाही' म्हणजे काय आणि 'सोडत नाही' म्हणजे काय, याचीही नोंद करावयास हवी.